दोघांत एक बोर्ड

स्नोबोर्डचं वेड माझं, असं आमच्या सोसायटीत सगळे समजतात. मी ते कधी खोडून काढलं नाही. वेड बायकोचं होतं.

गुलमर्गला पहिल्यांदा गेलो ते चारचौघांसारखे, भाड्याचे बूट घालून पडायला. शेवटच्या दिवशी पांढऱ्या दाढीचा एक परदेशी माणूस उतारावरून आला. त्याचा बोर्ड अरुंद, बूट प्लास्टिकचे टणक. वळताना इतका कलायचा की हात बर्फाला लागायचा, आणि मागे फक्त एक बारीक रेघ उरायची. आमच्या मागे नुसता खरवडलेला राडा. बायको त्या रेघेजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला हे करायचंय." बेलापूरच्या सरकारी कचेरीत फायली सांभाळणारी ही बाई स्वतःसाठी काही मागतेय, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतरचे महिने आठवले की अजून बरं वाटतं. जेवणं झाली की आम्ही लॅपटॉपवर तसल्या बोर्डांचे व्हिडिओ लावायचो. इथे असला बोर्ड मिळत नाही. तिचा मावसभाऊ जर्मनीत. तो म्हणाला, गणपतीला येताना जुना बघून आणतो. सामानात दोन मावणार नव्हते, म्हणून दोघांत एक. बूट बोर्डाला अडकवायची बाइंडिंग दोन तऱ्हेची निघाली. पहिली, पाय दाबला की आपोआप बसणारी; दुसरी, वाकून हातानं कडी लावायची. बायकोनं कडीची निवडली. "लागलंय ते मला दिसलं पाहिजे. कुलूप लावून मी ओढून बघते की नाही?"

दोन्ही पाय एकाच बोर्डावर, एकामागे एक; मग पुढे कोणता पाय ठेवायचा हा प्रश्न. त्यासाठी माणसाला बेसावध असताना मागून ढकलायचं. सावरायला जो पाय आधी पडतो तो पुढचा. हे काम मी आईकडे दिलं. ओट्याशी उभ्या सुनेला आईनं असं ढकललं की ती थेट फ्रिजपर्यंत गेली.

"अहो आई!"

"तुझ्याच नवऱ्यानं सांगितलं गं. माझी म्हणशील तर लग्नापासून इच्छा होती."

तिघंही हसून हसून खाली बसलो. तिचा उजवा पाय पडला होता. माझाही उजवाच, म्हणजे बाइंडिंग एकदाच बसवली की काम झालं.

एका संध्याकाळी बायको भाजी आणायला खाली गेली होती. मावसभावाचा फोन आला.

"दाजी, दोन सापडलेत, फोटो पाठवलेत बघा. एक आखूड, मऊ. एक लांब, ताठ. विकणारा म्हणतो, दोघांत एक घेताय तर हलक्या माणसाच्या बेतानं घ्या. जड माणूस मऊ बोर्डावर भागवून घेतो, उलटं चालत नाही. ताईचं वजन काय?"

मी तुर्भ्याला स्प्रिंगांच्या कारखान्यात तपासणीला आहे. भार कमी पडला तर स्प्रिंग दबतच नाही, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. बोर्डही तसाच, वाकला तर वळणार. त्यामुळे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी तिचं नाही, माझं वजन सांगितलं आणि लांब तोच आण म्हणालो. त्या लांब बोर्डावर मी मनात स्वतःला कधीच उभं केलं होतं, कललेलं, हात बर्फाला लागलेला. कारण एवढंच.

"ताईला विचारलंत ना?"

"झालंय आमचं बोलणं."

बायको मेथी घेऊन वर आली. मी म्हणालो, एक सापडलाय. ती इतकी खूश झाली की पुढे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी राहू दिलं.

त्या हिवाळ्यात गुलमर्गला ती कलायची, बोर्ड सरळच जायचा आणि ती कुशीवर आपटायची. पुन्हा उठायची, पुन्हा तेच. त्याच बोर्डावरून मी रेघ काढत खाली आलो. रात्री खोलीत कोपर शेकताना ती म्हणाली, "मला नाही जमत रे असलं."

"सगळ्यांनाच जमतं असं नाही," मी म्हणालो.

पुढच्या हिवाळ्यांत मी उतारावर असायचो आणि ती खाली कहवा पीत माझी वाट बघायची. कार शिकायला क्लास लावला होता, तो तिनं सोडला. "मला नाही जमत असलं" हे तिच्या तोंडी बसलं. ऐकलं की मला तो फोन आठवायचा. मी मुळातच अबोल, असं घरात सगळे म्हणतात. ते मला सोयीचं पडलं.

परवा खाडीच्या कडेनं फिरताना ती सहज बोलावं तसं म्हणाली, "सेक्शन सांभाळशील का म्हणून विचारलं साहेबांनी. काल नाही म्हणून सांगितलं. मला नाही जमत असलं."

तिथे मी बोललो. फोन, दोन बोर्ड, कुणाचं वजन सांगितलं, सगळं.

ती थांबली. "म्हणजे बोर्ड चुकीचा होता?"

"तुझ्यासाठी चुकीचा. माझ्यासाठी बरोबर."

"आणि तुला ते माहीत होतं."

"हो."

"मी पडत होते तेव्हाही?"

"हो."

पळणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. तिनं विचारलं, "तो दुसरा कसा होता दिसायला?"

"पिवळा. टोकाला रंग उडालेला."

"फोटो तरी दाखवायचास." मग खाडीकडे बघत म्हणाली, "रात्री ते व्हिडिओ बघायला वेळ मिळावा म्हणून मी तेव्हा ऑफिसातून लवकर निघायचे. साहेबांची बोलणी खाऊन."

हे मला ठाऊक नव्हतं. सॉरी म्हणालो, ते तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं पर्समधून मोबाईल काढला. "साहेब, मी बोलतेय. काल मी जे नाही म्हणाले ना, ते..." एवढं माझ्या कानावर पडलं. तेवढ्यात तिनं माझ्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि पुढचं मला ऐकू येणार नाही इतकी लांब गेली.

मी होतो तिथेच उभा राहिलो.