प्रभुभोजन वर्षातून दोनदा

“हात नको लावू. तोंड पुढं कर.”

हे शब्द माझ्या आईला चर्चमध्ये ऐकवले गेले. ती वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकून होती. मंडळीचे ज्येष्ठ पंच, ज्यांना सगळे साहेब म्हणत, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ घ्यायच्या द्राक्षारसाचा, प्याला घेऊन तिच्यासमोर उभे होते. पुढच्या बाकांवरच्या प्रत्येकाने तो प्याला स्वतःच्या हातांनी धरून घोट घेतला होता. त्या दिवशी आईनेही हात पुढे केले. साहेबांनी प्याला झटक्याने मागे ओढला. द्राक्षारस तिच्या पांढऱ्या पातळावर सांडला.

मी साहेबांच्या शेजारी भाकरीचे ताट धरून उभा होतो. बावन्न वर्षांचा. चर्चच्या मंडळीचा चिटणीस. तिचा मुलगा. मी पुढच्या माणसाकडे सरकलो.

नागपुरातल्या आमच्या मंडळीत दोन प्रकारची माणसे आहेत, आणि हे कुठेही लिहिलेले नाही. पुढच्या बाकांवर बंगल्यांतली घराणी. त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मागे आम्ही वस्तीतले. आमच्या आज्यांनी त्याच दवाखान्यात झाडलोट केली. प्याला आमच्याकडे शेवटी येई, आणि आम्ही तो धरायचा नसे. देणाऱ्याने ओठांना लावून जरासा तिरका करायचा. लहानपणी मला वाटे, देवाचे भोजन असेच घेतात. मोठेपणी कळले. कळूनही मी गप्प राहिलो. हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यावर मला पंचांत घेतले होते. वस्तीतला पहिला. त्या मानाची मला फार गोडी होती.

घरी पातळ धुताना आई म्हणाली, “माह्या हाताले काय झालं गा? तीस वर्षं दवाखान्यात होतो. त्याच्या मायचे पॉट याच हातानं काढले. तवा चालले.” मग माझ्याकडे पाहून हसली. “तू काहून रडून राहिला? तुले थोडी म्हटलं त्यानं!”

पुढच्या महिन्यात तिच्याबरोबर आणखी चार बायांनी हात पुढे केले. साहेबांनी प्याला कोणालाच दिला नाही. तसाच मेजावर नेऊन ठेवला. त्याच आठवड्यात पंचांची बैठक झाली. साहेब अगदी शांतपणे बोलले, “दर महिन्याला केलं की किंमत राहत नाही. नाताळ आणि ईस्टर, दोनदा पुरे. पावित्र्य टिकेल.” वस्तीचा उल्लेखही झाला नाही. मी इतिवृत्त लिहीत होतो. पेन खाली ठेवले आणि होकारासाठी हात वर केला. आईचा अपमान आता कमी वेळा होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दर महिन्याच्या भोजनाने वस्तीत काय घडत होते, हे मला ठाऊक होते. मी त्याच घरात वाढलो होतो. मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजापाशी जायचे नाही, म्हणून आदल्या शनिवारी आई शेजारच्या मार्थामावशीच्या दारात जाऊन उभी राही. नळावरून दोघींचे महिनाभर वाजलेले असे.

“मार्था वं, उद्या भोजन हाय. माह्या मनात काही नाही. तुह्या मनात असन तर आताच बोलून टाक.”

“असन तर? गळ्यापर्यंत भरलं हाय! बस, चाय ठेवतो, मग सांगतो.”

वस्तीतले कोणतेच भांडण त्या शनिवारापलीकडे जात नसे. आमच्या हात वर करण्याने ते शनिवार गेले. अबोले लांबले. माणसे एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागली. आणि आम्ही पंच म्हणत होतो की पावित्र्य टिकले.

नाताळला आईने पुन्हा हात पुढे केले. भाकर तिला माझ्या ताटातून मिळाली. प्याला तिला ओलांडून गेला.

फेब्रुवारीत तिच्या फुप्फुसात पाणी झाले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. तिने एकच गोष्ट मागितली, प्रभुभोजन. मी साहेबांना फोन केला. पंचांनी होकार दिला तर चर्चचे धर्मगुरू, पाळक, घरी येऊन भोजन देऊ शकत होते. साहेब म्हणाले, “एकाच्या घरी दिलं की सगळे मागतील. ईस्टरला माझी गाडी पाठवतो ना. आणू त्यांना.”

मी म्हणालो, “बरं, साहेब.”

आईने विचारले, “भोजन कवा हाय गा?”

“ईस्टरले, माय.”

तिने बोटांवर दिवस मोजले. “लय दूर हाय,” म्हणाली.

ईस्टरच्या नऊ दिवस आधी ती गेली.

शवपेटीपाशी मार्थामावशी माझी बाही धरून म्हणाली, “आमचं बोलणं बंद होतं गा जानेवारीपासून. मले वाटे, शनवार आला का येईनच ते. शनवार आलाच नाही.” तो शनिवार मी मोडला होता.

ईस्टरच्या उपासनेत साहेबांनी भाकरीचे ताट माझ्यापुढे केले. “चल, पुढच्या बाकांपासून.”

“नाही.”

“तब्येत बरी नाही का?”

“बरी आहे. हे मी यापुढे करणार नाही. माझी आई भुकेली गेली, आणि तिला भुकेले ठेवण्यासाठी मी हात वर केला होता.” माझा आवाज लहान आहे, तरी त्या शांततेत तो शेवटच्या बाकापर्यंत गेला. मी मागे जाऊन मार्थामावशीशेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी पंचपदाचा राजीनामा दिला.

पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, देवाने तुम्हाला क्षमा केली आहे. केली असेल. मला आईची मागायची होती.

आता प्रत्येक रविवारी आशीर्वचनाआधी मी उभा राहतो आणि विचारतो, “आज प्रभुभोजन का नाही?” पहिल्यांदा लोक हसले. मग साहेब म्हणाले, “तमाशा करू नकोस.” गेल्या रविवारी माझ्याबरोबर मार्थामावशी उभी राहिली. तिच्यामागे आणखी सहा जण.

मंडळीतून काढून टाकण्याची नोटीस आली आहे. मी ती वाचली. येत्या रविवारी मी उभा राहणार आहे. आत येऊ दिले नाही तर दारात उभा राहीन. दर महिन्याला मेज मांडले जाईपर्यंत, आणि मागच्या बाकावरच्या शेवटच्या बाईच्या दोन्ही हातांत प्याला दिला जाईपर्यंत, मी खाली बसणार नाही.