आबांची हुमणी

माझे सासरे तळहातावर अळी घेऊन जेवणाच्या टेबलापाशी येत. हे लिहितानासुद्धा माझ्या अंगावर काटा येतो. पांढरी, गलेलठ्ठ, तांबूस डोक्याची अळी, पाय पोटाशी घेऊन वेटोळं करून पडलेली. मागचा भाग इतका पारदर्शक की आतली काळी माती दिसावी. "बघ सूनबाई, हिचं पोट भरलेलं आहे," आबा कौतुकाने सांगत आणि माझ्या पानातली मटकीची उसळ तशीच राही. माझी लेक रेवा तर "ईऽऽ आबा, दॅट्स सो ग्रोस!" म्हणून ताट घेऊन आपल्या खोलीत पळायची.

आबांची उभी हयात सांगलीकडे कृषी सहाय्यक म्हणून बांधाबांधाने फिरण्यात गेली. सासूबाई गेल्यावर माझा नवरा निखिल त्यांना सहा महिन्यांसाठी इथे न्यूझीलंडमध्ये, पापाकुऱ्याला घेऊन आला. पहिला महिना त्यांनी खिडकीशी बसून काढला. मी पेनरोजच्या डेपोत कामाला, निखिल ट्रेनने शहरात, रेवा शाळेत. संध्याकाळी आम्ही आलो की ते विचारत, "काही काम आहे का माझ्याजोगं?" आम्ही म्हणायचो, "तुम्ही फक्त आराम करा." ही शिक्षा आहे हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

मार्चमध्ये पुढच्या लॉनवर तपकिरी चट्टे पडले आणि साळुंक्यांनी चोचींनी टोचून भोकं पाडली. निखिलने इंटरनेटवर शोधलं. तिथे सगळीकडे मोल, म्हणजे जमिनीखाली बोगदे करणारा उंदरासारखा प्राणी, आणि त्याला पकडायचे सापळे. साहेब सापळे मागवायच्या बेतात होते. शेजारचा गॅरी कुंपणावरून मनसोक्त हसला. "नो मोल्स इन न्यूझीलंड, मेट!" तेवढ्यात आबा माझ्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून लॉनवर गेले, गवताचा एक गड्डा उपटला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, ही तर आपल्या उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीची चुलत बहीण!"

दुसऱ्या दिवसापासून आबा कामावर रुजू झाले. फूटभर लांब, फूटभर रुंद चौकोन आखायचा, कुदळीने माती काढायची, हाताने चाळायची, अळ्या वेचायच्या आणि मोजायच्या. मग दुसरा चौकोन. हुमणीने जेवढं लॉन खाल्लं नव्हतं त्याच्या दुप्पट आबांनी उकरलं. रस्त्याने जाणारे लोक वळून बघत. मी गाडी लावून खाली मान घालून घरात शिरायचे. रोज विचारायचे, "झालं का, आबा?" आणि रोज एकच उत्तर यायचं, "मोजणी चालू आहे."

मोजल्याशिवाय मारायचं नाही, हा त्यांचा कायदा. चौकोनात दहाच्या आत अळ्या निघाल्या तर नुकसान पातळीच्या खाली आहे, सोडून द्यायचं. पातळी ओलांडली तरच उपाय. हा कायदा ते अळ्यांपुरता ठेवत नसत. गॅरीचा कुत्रा भुंकायचा त्यावर मी वैतागले, तर म्हणाले, "दिवसातून चार वेळा भुंकतो. मी मोजलंय. पातळीखाली आहे, सोडून दे." निखिल तिसऱ्यांदा माझा वाढदिवस विसरला तेव्हाही हेच. मी म्हटलं, "तीन म्हणजे खूप झाले." तर म्हणाले, "दहा होऊ देत, मग आपण फवारणी करू." तेव्हा मीही हसले होते.

पण किळस काही जाईना. नखांत माती, त्याच हाताने भाकरीचा तुकडा मोडायचा. विचारलं तर "धुतले की!" एकदा फ्रिजमध्ये डोशाच्या पिठाशेजारी आइस्क्रीमचा डबा दिसला. रेवासाठी काढायला उघडला, तर आत माती आणि त्या मातीत वेटोळी करून पडलेल्या अळ्या. "गारठ्यात हलत नाहीत, मोजायला बऱ्या पडतात," आबा म्हणाले. मी डब्यासकट सगळं बाहेर फेकलं आणि अख्खा फ्रिज पुसून काढला. तीन दिवस मला दह्यालाही मातीचा वास येत होता.

मग तो रविवार आला. सकाळी चहा गाळायला गाळणी घेतली, तर तिच्या जाळीत एक अळी अडकलेली. फुगलेली, अर्धी चिरडलेली, तिच्यातून काहीतरी पिवळट बाहेर आलेलं. आबांनी माती धुवायला चहाची गाळणी वापरली होती. मला सिंकमध्ये ओकारी आली. तोंड पुसून मी वळले आणि ओरडले, "हे तुमचं शेत नाहीये आबा, हे माझं घर आहे! किळस येते मला. त्या अळ्यांची आणि तुमच्या या हातांचीसुद्धा!"

आबांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग गाळणी उचलली, बाहेरच्या नळावर जाऊन धुतली आणि पुन्हा आत न आणता दाराबाहेरच ठेवली.

त्याच दुपारी मी दुकानातून दाणेदार विषाची पिशवी आणली आणि सगळ्या लॉनवर पसरली. आबा दारात उभे होते. "मोजलं होतंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. पिशवीवर लिहिलं होतं की मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दोन दिवस लॉनवर सोडू नये. ते मी वाचून दाखवल्यावर म्हणाले, "आणि साळुंक्यांना कोण वाचून दाखवणार?" पुढचे दोन दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत ते हातात पंचा घेऊन साळुंक्या हाकलत उभे होते. गॅरीने विचारलं, "यू ओके, बॉस?" तर हसून पंचा हलवला.

तिसऱ्या दिवशी ते परत खिडकीशी जाऊन बसले. काम आहे का, असं पुन्हा विचारलं नाही. तिकीट अलीकडचं करून घेतलं. विमानतळावर मी वाकले तेव्हा डोक्यावर हात ठेवायला आले आणि मध्येच थांबले. आधी तळवा सदऱ्याला पुसला, मग ठेवला. "गवताला पाणी घालत जा," एवढंच म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात सांगलीला ते वारले. निखिल एकटाच जाऊन आला.

या मार्चमध्ये लॉनवर पुन्हा तेच चट्टे पडले. विष घालूनसुद्धा. कुदळ शोधायला गॅरेजमध्ये गेले तर तिच्यामागे रेवाची जुनी वही सापडली. आत आबांचं सरकारी वळणाचं अक्षर. चौकोन एक, कुंपणाजवळ: ३. चौकोन दोन, पत्रपेटीजवळ: १. चौकोन तीन: २. पहिल्या आठवड्याच्या शेवटी लिहिलं होतं, "हुमणी नाममात्र. गवत उन्हाने वाळले आहे. पाणी द्यावे. उपायाची गरज नाही." म्हणजे पहिल्याच आठवड्यात त्यांना सगळं कळलं होतं. तरी पुढचे तीन आठवडे ते उकरत राहिले. मोजणी संपली असती तर पुन्हा खिडकी होतीच.

शेवटची नोंद त्या रविवारची होती. "स्वयंपाकघर. सूनबाई चिडल्या: १. पातळीखाली. सोडून द्यावे." पुढची पानं कोरी.

मी तिथेच बादली पालथी घालून बसले. चिडले एकदाच नव्हते. टेबलावरून उठून गेले होते, डबा फेकला होता, त्यांचा पेला वेगळा ठेवायला लागले होते, रस्त्यावर ओळख दाखवायची टाळली होती. बोटांवर मोजायला लागले, तर दोन्ही हातांची बोटं संपली. जन्मभर मोजणीत न चुकलेल्या माणसाने माझ्या वेळी आकडा एकच लिहिला होता.