गादीतली हवा

पंक्चरवाल्याच्या घरात पंखा माणूस बघून फिरे आणि माणूस उठला की थांबे. फ्रिजचं दार पापणीसारखं उघडून मिटे. "अंधारात जेवून जेवून एक दिवस घास नाकात जाईल," बायको म्हणायची. तो गालात हसायचा. उगाच जळणारा दिवा त्याला गळक्या ट्यूबसारखा वाटे. बंद केल्याशिवाय जिवाला चैन पडत नसे.

मग बायको कमरेखाली लुळी पडली. पडून पडून माकडहाडाशी जखम झाली. जखम भरली तर खुर्चीत बसवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तिला तेवढंच हवं होतं. दुकानाच्या दारात बसायचं, रस्ता बघायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायचे. त्यासाठी हवेची गादी आली, आणि पायथ्याशी सदा गुरगुरणारा छोटा पंप.

"गादी तर भरली. आता हा कुणासाठी चाललाय?"

"अहो, चालूच ठेवायला सांगितलंय ना?"

"हवेचं मला शिकवू नकोस. जन्म गेला त्यात."

त्याने पंप बंद केला, नळ्या काढून गादीची तोंडं रबरी पट्टीने आवळली आणि वर साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा उठला नाही. सकाळी तेवढी हवा भरायची, मग दिवसभर पंपाला विसावा, असा त्याचा परिपाठ पडला. जखम धुवायला सिस्टर सकाळीच येई, त्यामुळे तिला काही दिसलं नाही. जखम मात्र भरेना.

एकदा ती दुपारी आली. गादीवरच्या रबरी पट्ट्या पाहून दारातच थबकली.

"काका, हे कुणी केलं?"

"मीच. कणभर हवा जात नाही बघा."

"जायलाच हवी हो! एक कप्पा फुगतो, दुसरा बसतो, तेव्हा अंगाचा भार जागा बदलतो. म्हणून पंप थांबवायचा नसतो. तुम्ही काकूंना एकाच जागी दाबून ठेवलंत."

तिने जखमेवरची पट्टी सोडवली. आत हाड दिसत होतं.

"आता बसवायचं मनात आणू नका," ती हळूच म्हणाली. तरी ते बायकोने ऐकलंच.

सिस्टर पंप लावून गेली. तो पायथ्याशी बसून राहिला. बाहेर कुणी सायकलवाला हाका मारत होता.

"जा की, गिऱ्हाईक आलंय," बायको भिंतीकडे बघत म्हणाली.

"तुला रुतत नव्हतं का गं?"

"कमरेखाली कळायला काय उरलंय माझं? मला वाटलं, हवेतलं तुम्हाला कळतं."

हाका मारून मारून गिऱ्हाईक निघून गेलं.