आक्काचं पोतं आणि कप्तानाचं बनियन

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी चूल होती ती नुसती नावाला. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि माझी थोरली बहीण, आक्का, माहेरी परत आली. ती आणि आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायच्या. पुढं तिच्याच कष्टावर मी कळंबला कॉलेज शिकले, आमच्या घरातली पहिली बीए झाले. हे मी अभिमानानं सांगते. महिन्यापूर्वी आक्का गेली. शोकसभेत गावच्या कबड्डी संघाचा जुना कप्तान माइक धरून म्हणाला, "आक्का म्हंजी आमच्या टीमचं लक व्हती." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही…

लक? त्या तलावाच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत गडी कोरड्या तळात कबड्डी खेळायचे. आक्काची भाकरी हातातच राहायची. "पाय मागं घे की, मुडद्या!" असं ती ओरडायची आणि खळखळून हसायची. विधवा झाल्यावर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच.

दुष्काळ सरला, गावात दूध संस्था झाली, चेअरमनसाहेबांनी संघाला लाल बनियनं दिली. कप्तानानं आपलं बनियन घालून पहिली मॅच मारली आणि जाहीर केलं, आता हे धुवायचं नाही, धुतलं तर यश वाहून जाईल. वर खिशात लिंबू, मैदानात आधी उजवा पाय. तरीही एकदा हरले. बनियन तर धुतलेलं नव्हतं, मग दोष कुणाचा? मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या विधवेचा! दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब स्वतः दारात. "मावशी, मॅच असंल तवा पोरीला घरात ठिवा. पांढऱ्या कपाळाची नजर लागती." आईनं मान खाली घातली. मी सुट्टीला घरी असले की बघायचे, बाहेर आरोळ्या उठायच्या आणि आत जातं ओढता ओढता आक्काचा हात थांबायचा. "कोण गेलं असंल गं चढाईला?" ती मला विचारायची.

फायनल कळंबला होती. आक्का एसटीनं माझ्याकडं आली, काखेत खताचं रिकामं पोतं. "हितलं ग्राउंड काय चेअरमनच्या बापाचं न्हाय," म्हणाली, आणि सगळ्यांच्या पुढं पोतं अंथरून बसली. तिला पाहून कप्तानाचं तोंड उतरलं. आणि त्या दिवशी आमचा संघ जिंकला.

झालं! पुढच्या मॅचला जीप दारात. चेअरमनसाहेब कसे लोण्यासारखे मऊ! "चला आक्का. अन् कळंबला नेसल्याली तीच निळी साडी नेसा बरं का."

आक्का उंबऱ्यात उभी राहिली. "मी पनवती न्हाय, अन् तुमचं लिंबू-नारळ बी न्हाय. मी बघणारी हाय. येईन मी, माझ्या पायानं."

निळी साडी तिनं मुद्दाम भिजत घातली, हिरवी नेसली आणि चालत गेली. संघ हरला. कप्तान तणतणत तिच्यापुढं आला, "साडी बदलली म्हणून घात झाला!"

आक्का पोत्यावरून उठलीसुद्धा नाही. "तुजं बनियन धू आधी. वासानं कुणी जवळ येईना म्हणून आजवर जिंकत व्हतास. आज त्यांनी नाक दाबून धरलं तुला."

पब्लिक असं हसलं की कप्तान बनियन काढूनच घरी गेला.

आणि आता हाच माणूस माइकवर तिला लक म्हणतो. जिवंतपणी तिनं हे तोंडावर नाकारलं होतं. मेलेल्या बाईला उत्तर देता येत नाही, म्हणून मी लिहिते आहे. पनवती म्हणा नाहीतर लक म्हणा, तिला खेळ आवडतो एवढी साधी गोष्ट यांच्या डोक्यात कधी शिरलीच नाही…

पोतं अजून आमच्या खुंटीला आहे. झटकलं तर मैदानाची माती पडते, म्हणून मी झटकत नाही. त्या हरलेल्या मॅचनंतर आमच्या गावात मॅचच्या दिवशी कुठल्याही विधवेला घरात बसवलं गेलं नाही. आणि आक्का शेवटपर्यंत मैदानावर गेली, पुढं बसली, वाटेल ती साडी नेसून.