उभ्या गाडीचे टायर

दुपारचे जेवण झाले की निवृत्त माणसाला जाग आणि झोप यांच्यामधला उंबरठा फार रुंद वाटू लागतो. मी त्या उंबरठ्यावरच आरामखुर्ची टाकून बसले आहे. मांडीवर तीन टायरांचा तौलनिक तक्ता आहे. एकवीस पानांचा, तळटीपांसहित. कुमुदच्या गाडीला यांपैकी कोणते टायर बसवायचे, ते पाचपर्यंत मारुती अवताडे या टायरवाल्यांना कळवायचे आहे.

कुमुद माझी धाकटी बहीण. शिरोलीच्या रस्त्याला तिचे स्वतःचे गॅरेज होते. तिची लाल हॅचबॅक दिसायला भाजी आणायला निघालेली, पण बॉनेटखाली भलतेच इंजिन. नागझरी घाटाच्या चढाच्या शर्यतीत ती गाडी घेऊन कुमुद सलग सहा वर्षे पहिली आली. सातव्या वर्षी डेंग्यूने गेली. शोकसभेत शर्यतीच्या क्लबच्या अध्यक्षांनी सांगितले की वेगाच्या वेडाने आपल्यातून एक तारा नेला. मी उठले, डास ताशी दोन किलोमीटरने उडतो एवढे सांगितले, आणि खाली बसले.

आता त्याच अध्यक्षांना येत्या रविवारी, शर्यतीच्या फाटकाशी, तिची गाडी हार घालून उभी करायची आहे. टायर झिजले आहेत असे मी म्हटले, तर म्हणाले, "मॅडम, उभ्या गाडीला कुठलेही चालतात."

त्या वाक्यापासून तीन आठवडे मी टायर वाचते आहे. गाडी चालवायला मला कुमुदनेच शिकवले, त्याच गाडीवर. मी एकसष्ट वर्षांची आहे. रविवारी ती कोण चालवणार, याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

पान वाऱ्याने उलटते, आणि मी माझ्या कॉलेजातल्या हस्तलिखितांच्या दालनात आहे. फडताळांत पोथ्यांऐवजी टायर आहेत, प्रत्येक लाल बासनात गुंडाळलेला. शिडीवर कुमुद बसली आहे, कोपरापर्यंत ग्रीस.

"आक्का, हितं एवढी शांतता कशापायी? कुणी मेलंय का?"

"तू."

"व्हय की. इसरलेच."

ती खाली उतरते, तक्ता हातात घेऊन तोलून पाहते. "एकवीस पानं! माझ्या मयताला एवढी माणसं न्हवती. बरं, सांग. पयला कसाय?"

"कठीण रबराचा. साठ हजार किलोमीटर टिकतो."

"चढ तीन किलोमीटरचा. बाकीच्याचं काय लोणचं घालणारैस?"

"म्हणूनच मी तिसरा निवडला आहे," मी सांगते. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मी याच आवाजात बोलले होते. "खास शर्यतीचा. सर्वांत मऊ, सर्वांत पकड असलेला. तुला कोणीही दुय्यम काही बसवू नये."

कुमुद हसते. हसताना ती नेहमी मान मागे टाकायची, आताही टाकते.

"अगं शहाणे, त्यो तापल्यावर धरतो. गार असला की नुसता दगड. सकाळी सातला घाटात धुकं असतंय. तुझा टायर तापेस्तोवर शर्यत संपती. पयल्याच वळणाला दरीत जाशील, आन् बसशील तिथं तळटीपा वाचत."

"हे कुठेही लिहिलेले नाही." मला राग येतो, कारण तो तक्ता मी केला आहे.

"लिवलंय. तू बोटानं वाचलं न्हाईस."

दालनाची फरशी मध्येच डांबरी होते आणि चढू लागते. दोन्ही बाजूंना फडताळे, मग करवंदीच्या जाळ्या. लाल गाडी वळणावर उभी आहे. कुमुद गुडघ्यावर बसते आणि माझा हात धरून पुढच्या डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेवर ठेवते. तिथले रबर खरवडून निघाले आहे. मधल्या खाचा मात्र अजून शाबूत आहेत. उजवा टायर त्या मानाने बरा.

"का सांग बरं?"

मी डोळे मिटते. बोटे कडेवरून फिरवते. "घाटात उजवी वळणे जास्त आहेत. प्रत्येक उजव्या वळणाला सगळा भार डाव्या बाजूवर येतो."

"उजवी नऊ, डावी चार. आता कशी वाचलीस!"

नुसत्या अक्षराच्या वळणावरून लेखनिक ओळखते म्हणून विद्यापीठाने मला शाल दिली होती. घरातले हे अक्षर मात्र मी पहिल्यांदाच वाचते आहे. बारीक, ठाम, कुठेही खाडाखोड नाही. नऊ वळणे, सहा वर्षे, एकच हात. मला इतका अभिमान वाटतो की क्षणभर रागाला जागाच उरत नाही.

"मग मधला," मी म्हणते. "मऊ, पण रस्त्यावरचा. गारठ्यातही धरणारा."

"त्योच. आता हवा." ती खिशातून खडू काढून माझ्या हातात देते. "टायरच्या खांद्यावर रेघ मार, वरनं खाली. ह्यो बारका त्रिकोण दिसतोय? पळून आलीस की बघायचं. खडू त्रिकोणापत्तर पुसला तर बरोबर. खाली गेला तर टायर लवंडतोय, हवा वाढव. लई वर ऱ्हायला तर कमी कर."

मी रेघ मारते. "हे तुला कोणी शिकवले?"

"कुणी न्हाई. खडू तेवढे तुझ्या कॉलेजातनं चोरले."

"कुमुद, अध्यक्ष गाडी उभी करा म्हणतात."

"उभ्या गाडीला टायर कशाला? इटा लाव म्हणावं." ती उठून हात पुसते. "तू पळवणार का, ते बोल."

"मी सर्वांत शेवटी येईन."

"येशीलच. येऊ दे की. पण गाडी वर जाईल."

जाळ्यांतून धुके येते, त्यात आधी तिचे हात जातात.

पाचला दहा मिनिटे कमी आहेत. तक्ता जमिनीवर पडला आहे. मी फोन लावते.

"मधले बसवा, अवताडे."

"मधले? उभ्या गाडीला एवढे भारी कशाला, मॅडम?"

"उभी राहणार नाही. मी चालवणार आहे."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज येतो. मग ते अगदी हळू म्हणतात, "मग पहिल्या फेरीनंतर हवा बघावी लागंल. कुमुदताई रेघ मारायच्या. खडू हाय का तुमच्याकडं?"

कॉलेजातले काळे फळे जाऊन पेनाने लिहायचे पांढरे आले त्याला आठ वर्षे झाली. तेव्हापासून या घरात खडू नाही. मी उजवा हात पाहते. अंगठा आणि तर्जनी पांढरी आहेत, आणि नखाच्या कडेला भुकटी साचली आहे.

"आहे," मी सांगते.