ट्रकला पंखा बघताना

आमच्या ऑफिसात जळमटं काढायला दर शनिवारी बाई येतात. किस्से काढायला कुणी येत नाही, त्यामुळे ते साचत जातात. वाघोलीत, नगर रोडला लागूनच, अण्णांचं छोटंसं ट्रान्सपोर्ट आहे. मी तिथे फोन घेते, गाड्या कुठे पोचल्या ते विचारते आणि उरलेल्या वेळात भांडणं सोडवते. यंदा दिवाळीच्या आसपास साचलेले किस्से मात्र सगळे एकाच विषयावरचे आहेत. आमच्या सगळ्यात जुन्या ट्रकच्या रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा कुठला लावायचा?

हा ट्रक बबनराव चालवतात. हायवेवर पळताना गाडी एकदम थंड, पण ट्रॅफिकमध्ये अडकली की उकळलीच. मग बबनराव पाण्याचा कॅन घेऊन खाली उतरणार. एकदा खराडीला शेजारच्या कारमधल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "पाणी केवढ्याला?"

बबनराव म्हणाले, "इकायचं न्हाई ताई, पाजायचं हाय."

आम्ही हसलो, अण्णा हसले नाहीत. "आता एकदा जरी उकळली, तर थेट भंगारात," म्हणाले. भंगारवाल्याला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी यायलाही सांगून टाकलं. बबनरावांनी उभ्या आयुष्यात दुसरी गाडी चालवलेली नाही. ते एवढंच म्हणाले, "ती गेली की मीबी गावाला जातो."

*

अण्णांच्या वरच्या खोलीत अश्विन भाड्याने राहतो. मूळचा वर्ध्याचा, इथे सॉफ्टवेअर कंपनीत. त्याने बबनरावांची बाजू घेतली.

"काका, तुमचा पंखा इंजिनावर फिरते. ट्रॅफिकमध्ये इंजिन हळू, तर पंखाही हळू. समोरून एक इलेक्ट्रिक लावा. तो बॅटरीवर चालते, गाडी उभी असली तरी फुल्ल!"

आणि त्याने लॅपटॉपवर एक भलामोठा तक्ता केला. प्रत्येक पंख्याची रुंदी, जाडी, हवा किती फेकतो, करंट किती खातो, सगळं रंगीत. अण्णांच्या मंडळी, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या आणि पाच मिनिटं तो तक्ता वाचत उभ्या राहिल्या.

"स्थळ चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण आधी मुलीचं माप घ्या."

कारण रेडिएटर मोजायचा राहूनच गेला होता.

*

माप घेऊन, अण्णांना कसंबसं राजी करून आम्ही नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार पेपर वाचत होते. अण्णा म्हणाले, "पंखा दाखवा. चांगला पाहिजे."

"वाईट आम्ही ठेवत नाही. व्होल्ट किती?"

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही अश्विनसाठी मागे वळून पाहिलं. अश्विन बाहेर गाडी लावायला जागा शोधत होता. अण्णा रेटून म्हणाले, "आमच्याकडं दोनशे तीस हाय."

दुकानदारांनी पेपरचं पान उलटलं. "मग छताला लावा."

ट्रकला चोवीस लागतात हे अश्विन आत आल्यावर कळलं. पण अण्णांना आता सगळ्यात मोठाच पंखा हवा होता. दुकानदार म्हणाले, "बसेल. रेडिएटर काढून टाकलात तर नक्की बसेल."

शेवटी मापाचा घेतला. दुकानातून बाहेर पडल्यावर अण्णा म्हणाले, "माणूस उद्धट हाय, पण माल खरा देतो." पुण्यात यापेक्षा मोठी पावती मिळत नाही.

*

पंखा अश्विनने स्वतः बसवला. पुढच्या जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढ्यात, अगदी फिट्ट. तपासणीही त्यानेच सांगितली: जाळीवर रुमाल धरायचा, पंख्याने तो आत ओढून चिकटवला की काम झालं.

अण्णांनी आपला रुमाल धरला. बटण दाबलं. रुमाल उडाला आणि थेट अण्णांच्या तोंडावर जाऊन बसला.

वायरी उलट जोडल्या होत्या. पंखा हवा आत घ्यायच्या ऐवजी बाहेर फेकत होता. रुमालाआडून आवाज आला, "हे वर्ध्याचं वारं हाय का?"

"काका, पंखा तर चालूनच राहिला ना," अश्विन म्हणाला आणि हळूच वायरी बदलायला लागला.

*

आमच्याकडे नवीन काहीही आलं की पूजा होते. प्रिंटर आला तेव्हा त्यालाही हार घातला होता. बबनरावांनी पुढची जाळी उघडली आणि पंख्याला हळदीकुंकू लावून झेंडूचा जाडजूड हार चढवला. इंजिन बंद, किल्ली अण्णांच्या खिशात. काकू निरांजन घेऊन सरसावल्या.

गाडी नुकतीच फेरी मारून आली होती. आणि इंजिन बंद असलं तरी पाणी गरम झालं की हा पंखा आपला आपण सुरू होतो, हे अश्विनने सांगितलं होतं, फक्त ते आम्ही कुणी ऐकलं नव्हतं.

घर्रकन आवाज झाला आणि झेंडू चौफेर उडाला! काकूंच्या केसात, अण्णांच्या मिशीत, माझ्या चहात. निरांजन विझलं.

मग काकू पदर झटकत म्हणाल्या, "आवडली पूजा त्याला."

*

आता राहिली खरी परीक्षा. ट्रक माल भरून ट्रॅफिकमध्ये उभा करायचा. पण सणाच्या गडबडीत मध्ये दिवस मिळेना, तो मिळाला नेमका पाडव्याचा. दिवाळीत अख्खं पुणं गावाला गेलेलं. ज्या नगर रोडला आम्ही रोज शिव्या घालतो, तो रिकामा! अण्णा, बबनराव आणि मी केबिनमध्ये बसून ट्रॅफिक शोधत फिरतोय. ट्रॅफिक कुठेच नाही. दिवाळीला घरी गेलेल्या अश्विनचा वर्ध्याहून सारखा फोन, "टेम्परेचरचा काटा कुठं आहे?"

"पळत्या गाडीचं काय खरं?" अण्णा म्हणाले. "उद्या भंगारवाला येतोय."

बबनरावांचा चेहरा उतरला. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि भर उन्हात, मोकळ्या रस्त्यावर, माणसाच्या चालीने चालवायला सुरुवात केली. होत्या नव्हत्या तेवढ्या गाड्यांची मागे रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. काटा थोडा वर गेला, पंखा घरघरला, काटा जागच्या जागी थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा थांबला. बबनराव रस्ता कमी आणि काटा जास्त बघत होते. अण्णाही बघत होते.

एवढ्यात ट्रॅफिक हवालदारांनी हात केला. "काय झालं? गाडी तापली का?"

"न्हाई साहेब," बबनराव म्हणाले. "तापत न्हाई. तेच बघतोय."

हवालदारांनी ट्रकवरून एकदा नजर फिरवली, मग मागच्या रांगेवरून. "अहो, कशाला चालवता असलं भंगार?"

अण्णांनी धाडकन दार उघडलं. भर रस्त्यात खाली उतरले, धोतर सावरत पुढे गेले आणि समोरची जाळी उघडली.

"भंगार कुणाला म्हणता? या हिकडं. पंखा बघा आधी."