तुमच्या बरोबरीचं कोण?

गायकवाड मॅडम हजेरी घेताना कुणाचंही आडनाव उच्चारत नसत. पिरंगुटला रविवारी भरणाऱ्या बीएच्या वर्गात त्यांनी मला नुसतं ‘बबन’ म्हटलं, तेव्हा माझं टाळकंच सरकलं. कारखान्यातल्या हेल्परपासून जांबे गावात भाड्यानं दिलेल्या खोल्यांपर्यंत मी स्वतःच्या हिमतीवर आलो. गावात मला शेठ म्हणतात. तसं मी सांगितलं.

“गावात म्हणू द्या. हितं सगळी नावानंच,” त्या म्हणाल्या. एरवी त्यांची मराठी पुस्तकी. कुणी अडून बसलं की पौडजवळच्या बौद्धवस्तीतली, घरची बोली बाहेर पडे.

सामाजिक विषमता हा त्यांचा पेपर. तो सुटला तर आमच्या घरातला मी पहिला पदवीधर होणार होतो. प्रकल्पाला त्यांनी एकच प्रश्न दिला: लोकांना विचारा, तुमच्या बरोबरीचं कोण? शेवटी स्वतःचं उत्तर लिहा.

माझ्या भाडेकरू गवंड्यानं शेजारच्या खोलीतला गवंडी दाखवला. डोंगरवाडीची ठकूबाई म्हणाली, “आमी समदी सारखीच. तुजं कसं हाय?”

माझं कसं, तेच कळेना. हेल्पर असतानाचे सोबती मला पाहून खुर्ची सोडतात. महाळुंग्याचे बिल्डर मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात. वैतागून मी स्वतःच्या उत्तराची जागा कोरी सोडली.

मॅडमनी मार्क कापले. मी स्टाफरूममध्ये जाऊन घासाघीस सुरू केली. पाच वाढवा, निदान तीन तरी.

“मार्क हायेत हे, मेथीची जुडी न्हाई.”

मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. शिपाई धावत आला. एकही मार्क वाढला नाही. काठावर पास झालो, पण तो राग अजून आहे.

मॅडम कायम नव्हत्या, तासिका तत्त्वावर शिकवत. पुढच्या वर्षी कॉलेजनं त्यांना बोलावलंच नाही. बसथांब्यावर भेटल्या, तेव्हा मी आधी माझ्या मार्कांचंच काढलं. त्या हसल्या.

“बबन, बाकीचे माझ्यापुढं माना खाली घालायचे आणि माघारी माझी जात काढायचे. तोंडावर भांडलात ते तुमीच. बरोबरीच्या माणसाशी भांडावं तसं.”

बस आली, त्या गेल्या. मी तिथंच उभा. त्यांनी मला वर घेतलं होतं, की मी त्यांना? बरोबरीत वर कोण आणि खाली कोण, ते मला अजून उलगडलेलं नाही.